पेणचं गिधाड आणि खालचा माळ

"बाई, गिधाडाचा तास घ्यायला याल का? आणि लवकर या."

वैशालीचा हा फोन जानेवारीतल्या एका बुधवारी आला. "लवकर का गं? गिधाडं काय पळून जातायत?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "फोनवर नको बाई. या ना." गुरुवारी सकाळी मी एसटीत होते. मधली रात्र मी स्वतःशी वाद घालण्यात घालवली. गुडघे दुखतात, गव्हाचं दळण राहिलंय, असली फालतू कारणं काढून पाहिली, पण तिचा आवाज काही कानातून जाईना.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी निवृत्त मास्तरीण. डी.एड.च्या मुलामुलींना पर्यावरण शिकवायचे. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून गावोगावच्या शाळांत जाऊन 'गिधाडाचा तास' घेते. एकच तास आणि एकच पक्षी. वाघ-बिबट्याला माझी गरज नाही, ते मुलांचे लाडकेच असतात. गिधाडाच्या बाजूने बोलायला कोणी नाही, म्हणून मी. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. रोह्याच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, आणि सासरही तिचं त्याच गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल का ते.

वाटेत पेणला उतरणं भागच होतं. माझ्या जुन्या तक्त्यावरचं गिधाड उंदरांनी खाल्लं होतं, अगदी चोचीपासून पायापर्यंत. मग दिवाळीतच मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार नानांना खऱ्या मापाचं गिधाड करायला सांगितलं होतं. कागदाच्या लगद्याचं, म्हणजे उचलायला हलकं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे पाच फोटोही देऊन आले होते.

पहिला दिवस : ठाणे ते पेण

ठाण्याहून अलिबागची एसटी पकडायची आणि पेणला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, खासगी गाड्यांच्या नादी लागू नका. स्टँडवरून कारखान्यांच्या आळीपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. परतताना पोह्याचे पापड घ्या. मी घेतले आणि सगळा चुरा घरी आणला, त्यामुळे डबा घेऊन जा.

कारखान्यात मी पूर्वीही गेले होते, पण गणपतीच्या दिवसांत. तेव्हा रंग, गिऱ्हाइकं, आरडाओरडा सगळं असतं. जानेवारीत तसं काही नव्हतं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये फळ्यांवर फळ्या, आणि त्यांवर जमिनीपासून छपरापर्यंत पांढऱ्या मूर्ती. शेकड्यांनी चेहरे, आणि एकालाही डोळे नाहीत. मी मधल्या बोळातून चालत गेले तर दोन्ही बाजूंचे ते कोरे चेहरे माझ्याकडे वळलेले. मला एकदम उगाचच खोकावंसं वाटलं.

नाना सत्तरीचे. बाकी सगळं काम मुलं करतात, नाना फक्त आखणी करतात, म्हणजे डोळे रेखतात. त्यांची एक पद्धत आहे. मूर्ती नेणारा माणूस समोर येऊन बसल्याशिवाय ते डोळ्याला हात लावत नाहीत. माझं गिधाड तयार होतं. बिनपिसांची लांब मान, गळ्याभोवती पिसांची झालर, वाकडी चोच, कुबड काढून बसलेलं. काय सुंदर केलं होतं म्हणून सांगू! फक्त डोळ्यांच्या जागी कोरं.

"बसा," नाना म्हणाले. मी स्टुलावर बसले. कोणीतरी रेडिओ बंद केला. कामाला असलेल्या बायकांनी हात थांबवले. नानांनी बारीक ब्रश घेतला, श्वास सोडला. आधी एक बाजू झाली, मग फिरवून दुसरी.

"बघा आता."

मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या गिधाडाच्या तोंडावर गणपतीचे डोळे होते! लांब, कडेला निमुळते, पापण्यांना काळी रेघ, आणि त्यावर ओलं वार्निश. शांत, पाणीदार, सगळं समजत असल्यासारखे.

"नाना, हे काय करून ठेवलंत? गिधाडाचे डोळे गोल असतात. फोटो दिले होते ना मी?"

"दिलेत की. सगला फोटोपरमानंच केला. पण डोले मला हेच येतात." नानांनी ब्रश पाण्यात बुडवला. "पन्नास वरसं हाताला हेच ठाव हाय."

"मग तुमच्या मुलाला सांगा. नाहीतर मीच घरी जाऊन काळा गोल काढते. शाळेत न्यायचंय, देव्हाऱ्यात नाही!"

आता नाना माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, पण आवाज खाली आला. "बाई, उघडलेले डोले मिटायचे नसतात. न्यायचा तर असाच न्या. आनि आजच न्या, डोले उघडल्यावर कारखान्यात ऱ्हायचा नाय. तोंडावर रुमाल टाका, जागेवर पोचलात की काढा. मग पुन्हा झाकू नका. आनि त्याच्या म्होरं काय बोलाल ते जपून बोला."

मी हसले. आजूबाजूला बघितलं तर दुसरं कोणीच हसत नव्हतं, मग मीही हसू आवरलं.

पेण ते रोहा

दुपारची रोहा गाडी मिळाली. गडबपर्यंत रस्ता ठीक आहे म्हणतोय तोवर वळणं सुरू झाली. महामार्गाचं काम चालू आहे, आणि मी पाहतेय तेव्हापासून चालूच आहे. पाठीचं दुखणं असेल तर पुढची सीट धरा. गिधाडाला मी खिडकीशी बसवलं, तोंडावर लाल रुमाल. कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, बाप्पा आत्तापासूनच?" मी म्हटलं, "बाप्पा नाहीत, गिधाड आहे." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढे गेला तो परत त्या सीटकडे फिरकला नाही.

नागोठण्याला एक म्हातारी टोपली घेऊन शेजारी बसली. रुमाल बघून तिने लगेच हात जोडले. तेवढ्यात गाडीने गचका दिला, रुमाल घसरला आणि चोच बाहेर आली.

"अगो बाय!" म्हातारी अंग चोरून बसली. मला वाटलं आता ओरडेल. पण ती वाकून त्या डोळ्याकडे बघत राहिली. मग हळूच मला विचारलं, "ह्यो कुनाकडं बघाया चाललाय गो?"

मी म्हटलं, "शाळेत, मुलांना शिकवायला." तिने मान हलवली, पण पटलं नसावं. कोलाडला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथली मिसळ चांगली, चहा बेताचा. मी खाऊन आले तर म्हातारी मागच्या सीटवर जाऊन बसली होती, आणि गिधाडाचा रुमाल कोणीतरी नीट करून ठेवला होता.

रोह्याहून रिक्षा करावी लागते. आधी भाव ठरवा. मी दोनशे दिले, नंतर कळलं दीडशे पुरतात. दोन्ही बाजूंना भाताचे कापलेले खुंट आणि त्यांत हिरवागार वाल. असल्या रस्त्यावर दहा गाणी तरी सुचावीत. पण गाव जवळ आलं तसं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय, ते कळेना. गाईगुरं होती, माणसं होती, ट्रॅक्टर होता. तरी काहीतरी नव्हतं.

वैशालीने दारातच मिठी मारली. चहा टाकला, आणि चहाबरोबर सगळं सांगितलं.

तिचे मोठे दीर, बाळारामभाऊ, गावातले जाणते शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. काल पहाटे गावाखालच्या माळावर बिबट्याने त्यांची पाडी मारली. त्या माळावर गावातली मेलेली ढोरं टाकतात, सगळे त्याला 'खालचा माळ' म्हणतात. पाडी अजून तिथेच पडली होती. बिबट्या खाल्लेल्या जागी परत येतो. शुक्रवारी सकाळी वनखात्याचे लोक पंचनामा करून गेले की भाऊ त्या पाडीत फवारणीचं विषारी औषध ओतणार होते.

"दोन वर्षांपूर्वीही हेच केलं त्यांनी," वैशाली म्हणाली. "बिबट्या आलाच नाही. कुत्री मेली, घारी मेल्या. आणि कावळे, बाई! शाळेच्या अंगणात कावळेच कावळे पडले होते. तेव्हापासून आमच्या गावात कावळा नाही."

तेव्हा मला कळलं रिक्षात काय चुकत होतं ते. मी कान देऊन ऐकलं. दुपारचे साडेचार वाजलेले, खेडेगाव, आणि एकही कावळा ओरडत नव्हता.

"त्याहून मोठी भीती दुसरीच आहे," ती म्हणाली. "पलीकडच्या वाडीची सोळा मुलं त्याच माळावरून शाळेत येतात. गेल्या वेळी माझ्या वर्गातली मंदी मेलेल्या घारीचं पीस कानाला लावून वर्गात आली होती. मी तिचे हात साबणाने घासून घासून लाल केले. काही झालं नाही, नशीब. उद्या कोणी हात लावला आणि तोच हात तोंडात घातला तर?"

"अगं मग सांग ना त्यांना!"

"मी कशी सांगू? मोठे दीर आहेत. माझ्या नोकरीचा फॉर्म त्यांनी भरला. पहिल्या दिवशी शाळेत सोडायलाही तेच आले होते. त्यांच्यापुढे आजवर मी वर मान करून बोलले नाहीये. मुलांनी घरी जाऊन सांगितलं तर ऐकतील कदाचित. त्यांची नात श्रावणी चौथीत आहे, तिचं ऐकतात." तिने पदराला हात पुसले. "उद्या दुपारच्या आत, बाई. एवढंच आहे आपल्याकडे."

संध्याकाळी बाळारामभाऊंनी माझ्यासाठी पोपटी लावली. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चविष्ट आणि सगळ्यात अवघड पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. मडकं पालथं घालून वरून जाळ. शेतात बसून केळीच्या पानावर गरम गरम खायची. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत या भागात गेलात तर चुकवू नका. भाऊ स्वतः कोवळ्या शेंगा निवडून माझ्या पानात टाकत होते.

"घ्या ताई, लाजू नका. शहरात ह्यो वास पन मिलत नाय." मग म्हणाले, "ते लाल रुमालाखाली काय हाय? गनपती?"

"गिधाड आहे."

"अस्सं?" ते मोकळं हसले. "व्हती गो हितं. आमच्या लहानपनी माल काला दिसायचा. बैल टाकला का दुपारपर्यंत नुसती हाडं. वास पन नाय यायचा."

"मग गेली कुठे?"

"कोन जानं. येक दिस आली नायत." बोटं चाटत त्यांनी अगदी सहज पुढे सांगितलं, "उद्या त्या बिबट्याचा बंदोबस्त करतो बघा. बारा वाजता." गोठ्याच्या आढ्याला निळा डबा टांगला होता, तो मला बसल्या जागेवरून दिसत होता.

आयुष्यभर बडबड केलेली बाई मी, तोंडात त्यांचा वाल होता आणि बोलवलं नाही. मला माझीच लाज वाटली.

दुसरा दिवस : शाळा

सकाळी उठले तर ओटीवरच्या गाद्या हललेल्या. घरातल्या सगळ्यांनी गिधाडाकडे पाय होणार नाहीत अशी अंथरुणं फिरवून घेतली होती. पोहे झाले, चहा झाला.

शाळा दोन खोल्यांची, स्वच्छ, भिंतीवर पाढे आणि फळंफुलं. तीस-पस्तीस मुलं. मी गिधाड टेबलावर ठेवलं, रुमाल काढला. एरवी या वेळी काय होतं मला पाठ आहे. "ईऽऽ" असा एक सूर निघतो, मागची मुलं उड्या मारतात, कोणीतरी टकल्या म्हणतं. इथे यांतलं काही झालं नाही. सगळी मुलं उभी राहिली. मी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एकीने शेजारणीला हळूच म्हटलं, "पाय आत घे गो." मग सगळी बसली, पाय दुमडून.

वातावरण हलकं करावं म्हणून मी नानांची गंमत सांगितली. उघडलेले डोळे झाकायचे नसतात, याच्यासमोर जपून बोला, असलं सगळं. मला वाटलं मुलं हसतील. मुलांनी ते सगळं मन लावून ऐकलं, माझ्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त मन लावून.

मग तास घेतला. गिधाड काय खातं, का खातं, मेलेलं ढोर चार तासांत संपवून रोगराई कशी थांबवतं. ढोरांना दुखण्यावर देतात त्या एका औषधाने गिधाडं कशी मेली. आणि मेलेल्या जनावरात विष घातलं तर ते कुठे कुठे जातं. प्रश्न विचारला की मुलं उत्तर द्यायची, पण माझ्याकडे बघून नाही. टेबलाकडे बघून.

"मग आता माळ कोण साफ करतं?"

"कुत्री."

"आणखी?"

मग तिसऱ्या रांगेतून दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. श्रावणी. तिने गिधाडाकडे बघतच सांगितलं, "आदी कावलं करायचं. कावलं आबांनी मारलं. म्हनून मोठ्या आयला शिवाया पन कावला नाय आला."

वैशालीच्या हातातला खडू खाली पडला. मुलगी शांतपणे बसली. बाहेर इतकं सामसूम होतं की खडू घरंगळत भिंतीला लागल्याचं मला ऐकू आलं.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात वैशालीने सांगितलं. गेल्या वर्षी तिच्या सासूबाई गेल्या. मोठी आई म्हणजे त्याच. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवायला हवा ना! चार तास सगळं गाव उन्हात बसून होतं. भाऊ हात जोडून एकेक वचन देत होते. आभाळात एका पाखराचा ठिपका नव्हता. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. त्या दिवसापासून भाऊ तो विषय काढू देत नाहीत.

"मला हे माहीत नव्हतं, आणि मी कावळ्यांवर तास घेत बसले," मी म्हटलं.

"तुम्ही कुठे घेतलात, बाई. त्या टेबलावरच्याने घेतला," वैशाली म्हणाली.

मी हात धुवायला मागे गेले. पाचेक मिनिटं लागली असतील. परत आले तर व्हरांड्यात खिचडीची ताटं रांगेने मांडलेली, अर्धी खाल्लेली, वाफ येणारी. मूल एकही नाही. वर्गात टेबल रिकामं. रुमालही नाही.

बारा वाजायला दहा मिनिटं होती.

खालचा माळ

गुडघ्यांची पर्वा न करता मी धावले. वैशाली पुढे, मी मागे. शेताच्या बांधावरून उतरलं की झाडं संपतात आणि माळ सुरू होतो. वाळलेलं गवत, पांढरी हाडं, कुठे बरगड्यांचा सांगाडा, कुठे शिंग. वर कोरं निळं आभाळ. एवढं मेलेलं जनावर पडलंय आणि वर घिरट्या घालणारं काहीच नाही, हे चित्र तुम्ही पाहिलंय का? मी तीस वर्षं गिधाडं नाहीशी झाली असं शिकवलं. नाहीशी म्हणजे काय, ते मला त्या माळावर उभं राहून समजलं. मला भीती वाटली, स्पष्ट सांगते. भर दुपारी.

पाडी एका कातळाशी पडली होती. कातळावर गिधाड बसवलेलं, तोंडावर रुमाल नाही. आणि वीस-पंचवीस पावलांवर सगळी मुलं ओळीने उभी. चपला मागे काढून ठेवलेल्या. कोणी हलत नव्हतं. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या.

"श्रावणी! हात लावलात का कोणी?" वैशाली ओरडली.

"नाय काकी. पाडीला नाय लावला. त्याला उचलला फक्त."

तेवढ्यात बांधावरून बाळारामभाऊ उतरले. हातात निळा डबा. आधी त्यांना मुलं दिसली, मग आम्ही. ते तरातरा चालत आले आणि कातळापासून दहा पावलांवर थांबले.

"ह्ये कुनी आनलं हितं?"

मुलं कातळाकडेच बघत राहिली.

"श्रावने, रुमाल टाक त्याच्यावर."

श्रावणीने रुमाल मुठीत घट्ट धरला. "नाय आबा. उघडल्यावर झाकायचं नसतं."

"टाक म्हनतो ना!"

पोरीची मूठ सुटली नाही. भाऊ पुटपुटत कातळाला वळसा घालून पलीकडे गेले, पाडीच्या पोटाच्या बाजूने. तिकडे दुसरा डोळा होता. गिधाडाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, नानांनी एकेका बाजूला एकेक आखला होता. भाऊ इकडून गेले तरी एक, तिकडून गेले तरी एक. ते परत या बाजूला आले. पुन्हा पलीकडे गेले. मग जागच्या जागी उकिडवे बसले, डबा गुडघ्यांमध्ये धरून.

गवतसुद्धा हललं नाही.

"चार तास बसलो व्हतो," ते बोलायला लागले. आमच्याशी नाही. "म्हनलो, आये, धाकट्याला येगला काडनार नाय. म्हनलो तुजी पेटी उघडनार नाय. मनात काय आसंल ते करतो, पन ये. लोकं म्हनत व्हती म्हातारीची काय इच्छा ऱ्हायली आसंल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "इच्छा कसली? मला तवाच ठाव व्हतं. कावलंच ठेवलं नव्हतं मी. त्या दर्भाकडं बघवत नव्हतं, आनि कुनाला बोलवत पन नव्हतं."

एवढा मोठा माणूस मान खाली घालून बसला होता. मुलं बघत होती. माझ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वैशाली पुढे झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या समोर उभी राहून, पदर न सावरता तिने हात पुढे केला. "भाऊजी, द्या तो डबा."

त्यांनी वर बघितलं. तिच्याकडे, मग कातळाकडे. डबा दिला.

मी तो दुसऱ्या बाजूने धरला.

संध्याकाळी भाऊंनी आणि वैशालीच्या नवऱ्याने गोठ्याला बांबू ठोकून दार केलं, वनखात्याच्या माणसांनी सांगितलं होतं तसं. बिबट्या आला का, पाडी खाल्ली का, मला माहीत नाही. मी निघेपर्यंत पाडीजवळ कोणी गेलं नव्हतं. गिधाड परत न्यावं म्हणून मी विचारलं, तर उचलायला कोणी तयार होईना. शेवटी भाऊच म्हणाले, "ऱ्हाऊ दे ताई. त्याचं काम हाय हितं." पावसात लगदा विरघळेल, मी म्हटलं.

परत

येताना पेणला उतरले. नाना कोऱ्या चेहऱ्यांमध्ये बसलेले. मी पुढच्या तासासाठी दुसरं गिधाड सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुनी झाकला नाय ना?" मी म्हटलं, नाही. "डोले तसलेच?" मी त्याच स्टुलावर बसले, आणि म्हटलं, तसलेच.

घरी येऊन मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं विज्ञान शिकवून शेवटी काम केलं ते आखलेल्या डोळ्यांनी. मैत्रीण म्हणाली, काम झालं ना, मग झालं तर. झालं, हो. वाडीची सोळा मुलं त्याच माळावरून रोज शाळेत येतायत आणि संध्याकाळी घरी जातायत, हे खरंय. कावळे धोक्याची जागा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, त्यात भुताखेताचं काही नाही, हेही खरंय. तरी त्या माळावरची दुपार आठवली की मी उठून घरातले दिवे लावते.

तीन आठवड्यांनी वैशालीचा फोन आला. शाळेच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता. दोन वर्षांत पहिला. सगळा वर्ग श्वास रोखून बसला, आणि श्रावणी दबक्या पावलांनी आबांना बोलवायला गेली. भाऊ अनवाणी आले, पानावर दहीभात घेऊन. भिंतीखाली पान ठेवलं, हात जोडले. कावळ्याने मान वाकडी करून एका डोळ्याने भाताकडे बघितलं. मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने भाऊंकडे बघितलं. आणि उडून गेला. शितालाही शिवला नाही.

"आता ते रोज पान ठेवतात, बाई," वैशाली म्हणाली. "बाराच्या ठोक्याला. आणि जाताना पाठ फिरवत नाहीत, मागे मागे चालत जातात. अजून कोणी आलं नाही."

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज पाच-सहा कावळे येतात. इतकी वर्षं मी त्यांना लाटण्याचा आवाज करून हुसकावत आले. काल पोळीचा तुकडा ठेवला. एकाने चोचीत घेतला आणि उडण्याआधी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, आणि मी, विज्ञानाची मास्तरीण, त्याला हात जोडून म्हणाले, "बाबा रे, एकदा रोह्याकडे जाऊन ये."